मदत हवी आहे: फ्लाय फिशिंगसाठी मानेवर भार न येणारा पॅक
हिमाचलमधील तीर्थन नदीत ट्राउट मासे पकडण्यासाठी दिवसभर गुडघा ते मांडीभर पाण्यात उभे राहायचे असून फ्लायचे (माशीसारख्या दिसणाऱ्या कृत्रिम गळांचे) दोन डबे, टिपेटची (फ्लाय बांधायच्या बारीक दोऱ्याची) रिळे, चिमटा, पाण्याची बाटली आणि पातळ रेनकोट एवढेच सामान सोबत असेल. मानेचे जुने दुखणे असल्यामुळे खिशांचे व्हेस्ट (बिनबाह्यांचे जाकीट) सोसवत नाही. एका खांद्यावरून तिरका घालायचा स्लिंग पॅक वापरून पाहिला, पण कास्ट करताना (गळाची दोरी फेकताना) त्याचा पट्टा गळ्याकडे सरकतो. छातीवरच्या पॅकमुळे पायाखालचे गोटे दिसत नाहीत, आणि त्या ओढीच्या प्रवाहात ते दिसणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. कमरेचा पॅक खोल पाण्यात भिजेल, ही धास्ती आहे. खांद्यांवर आधारपट्टे असलेला, बरगड्यांपर्यंत वर ओढता येणारा कमरेचा पॅक कोणी दिवसभर वापरला आहे का, आणि वर ओढल्यावर भार पुन्हा मानेवरच येतो का?