केओलिन, पोटॅशियम आणि सुटे झालेले क्लोरीन

गव्हाच्या काडाच्या इंधनगोळ्यांत केओलिन (एक प्रकारची पांढरी चिनी माती) मिसळल्यास उत्सर्जन सरसकट घटते, असा एक दावा आहे. ते माझ्या मते अर्धेच खरे आहे. काडातील पोटॅशियम ज्वलनात मुख्यतः क्लोराइडच्या रूपाने वाफ होऊन निघते आणि धूर थंडावताना त्याचे १ मायक्रोमीटरहूनही लहान कण बनतात; केओलिन हेच पोटॅशियम ॲल्युमिनोसिलिकेटच्या (ॲल्युमिनियम व सिलिकॉनयुक्त खनिजाच्या) रूपात राखेत बांधून ठेवते, त्यामुळे सूक्ष्म कण कमी होतात आणि राख वितळण्याचे तापमानही वाढते. मात्र पोटॅशियमची जोड सुटलेले क्लोरीन हायड्रोजन क्लोराइड वायू होऊन धुराड्यावाटे बाहेर पडते, आणि कणांच्या घटीचे कौतुक करताना हा हिशेब बहुधा राहूनच जातो. केओलिनऐवजी चुनखडी मिसळल्यास राखेचे खडे होणे कमी होते, पण पोटॅशियम तिच्यात तसे बांधले जात नाही. नायट्रोजन ऑक्साइडे मुख्यतः इंधनातल्याच नायट्रोजनपासून बनत असल्याने तेथे अशा मिसळलेल्या खनिजाकडून फारशी अपेक्षा ठेवता येत नाही.