मंत्रिमंडळात तिघेच, तरी सगळी सत्ता हातात कशी आली?

कुतूहल:
हिटलर बंड करून आला नाही. ३० जानेवारी १९३३ला त्याची जर्मनीच्या चान्सेलरपदी (म्हणजे पंतप्रधानपदी) रीतसर नेमणूक झाली. त्याला धरून मंत्रिमंडळात नाझी पक्षाचे फक्त तिघे. मग दीड वर्षात संसद, न्यायालयं, लष्कर सगळं खिशात कसं गेलं? बाकीचे काय करत होते?

जुनी_पानं:
तिघे किती हे सोडा, कुठली खाती घेतली ते बघा. फ्रिककडे देशाचं गृहखातं, गोरिंगकडे प्रशियाचं. प्रशिया म्हणजे अर्ध्याहून जास्त जर्मनी, म्हणजे तिथले पोलीसही आलेच. उपचान्सेलर पापेन मात्र आपण या माणसाला गुंडाळलं अशा खुशीत!

२७ फेब्रुवारीला राइशस्टागला, म्हणजे संसद भवनाला, आग लागली आणि दुसऱ्याच दिवशी वटहुकूम निघाला. भाषण, वृत्तपत्रं, सभा सगळ्यावर गदा, वर बिनचौकशी अटक. असा वटहुकूम काढायची सोय जर्मनीच्या तेव्हाच्या वायमार घटनेच्या ४८व्या कलमातच होती. आग कोणी लावली यावर लोक अजून वाद घालतात. मला तो मुद्दा दुय्यम वाटतो, कारण माणसं पकडणाऱ्या पोलिसांवर नाझींचा ताबा आधीच होता.

एवढं करूनही मार्चच्या निवडणुकीत मतं ४३.९ टक्केच. संसदेला न विचारता सरकारने कायदे करावेत अशी मुभा देणाऱ्या सर्वाधिकार कायद्याला दोन तृतीयांश मतं हवी होती. कम्युनिस्ट खासदार तुरुंगात नाहीतर भूमिगत, सभागृहात गणवेशातले नाझी उभे, आणि कॅथलिक सेंटर पक्ष आश्वासनांवर भुलला. ४४४ विरुद्ध ९४. विरोधात मत दिलं ते फक्त सोशल डेमोक्रॅट्सनी.

लष्कराचं म्हणाल तर १९३४च्या जूनअखेर हिटलरने स्वतःच्याच खासगी फौजेच्या प्रमुखाला, रोह्मला पकडलं आणि १ जुलैला मारलं. रोह्मची ही फौज डोळ्यांत सलणारे सेनापती सुखावले. ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग वारले आणि सैनिकांनी थेट हिटलरच्या नावाने शपथ घेतली.

काठावरचा:
+१. आता तर आगही लागत नाही. हंगेरीत ऑर्बान यांच्या पक्षाला २०१०मध्ये साधारण ५३ टक्के मतांवर दोन तृतीयांश जागा मिळाल्या. मग न्यायाधीशांचं निवृत्तीचं वय ७०वरून ६२. युरोपियन न्यायालयाने २०१२मध्ये हे चूक ठरवलं, पण तोवर खुर्च्यांवर नवी माणसं बसली होती.

स्पष्टवक्ती:
तुम्ही दोघं जनतेला फारच भाबडी समजता. पेरूत राष्ट्राध्यक्ष फुजिमोरींनी ५ एप्रिल १९९२ला संसदेला टाळं ठोकलं, तर बहुसंख्य लोक खूश! महागाई आणि शायनिंग पाथ या माओवादी बंडखोरांच्या बॉम्बस्फोटांनी जीव मेटाकुटीला आलेला, त्यात खासदारांची भांडणं. कोणाला पुळका येणार संसदेचा?

कुतूहल:
हे पटलं. पण सेनापती किंवा खासदार मागाहून का उलटत नाहीत?

जुनी_पानं:
कारण तोवर बढत्या सत्ता बळकावणाऱ्याच्याच हातात असतात. स्टालिन १९२२मध्ये रशियातल्या कम्युनिस्ट पक्षाचा सरचिटणीस झाला तेव्हा बड्या पुढाऱ्यांना ते पद कारकुनी वाटलं. तो जिल्ह्याजिल्ह्यात आपले सचिव नेमत गेला, आणि पक्षाच्या अधिवेशनाला प्रतिनिधी कोण पाठवायचे हे ते सचिवच ठरवू लागले. त्याचा प्रतिस्पर्धी ट्रॉट्स्की भाषणात कितीही भारी असो, मतदानाला समोर बसलेले स्टालिनचेच.

(अवांतर: रोह्मही शेवटपर्यंत स्वतःला हिटलरचा मित्रच समजत होता.)