हिरवी खरेदी थांबवा, घरातलं आधी झिजवा

पाऊलवाट (धागाकर्ती):
घरातल्या कापडी पिशव्या मोजल्या. चौदा निघाल्या! प्रत्येक पिशवी आणताना काहीतरी चांगलं केल्यासारखं वाटलं होतं. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २०११ मध्ये एक हिशेब मांडला होता. एकदाच वापरून फेकलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीपेक्षा सुती पिशवीचा हवामानावरचा भार कमी व्हायचा, तर ती किमान १३१ वेळा वापरायला हवी. चौदा पिशव्यांना १३१ ने गुणून बघा.

मोबाइलचंही तेच. त्याच्या आयुष्यभराच्या कार्बनपैकी बहुतेक तो बनतानाच हवेत गेलेला असतो, चार्जिंगचा वाटा लहान. म्हणून माझं मत असं, की बांबूचा ब्रश आणि स्टीलची बाटली नंतर. आधी घरात आहे ते झिजेपर्यंत वापरा.

सांजवेळ:
नाही पटलं. पिशव्या आणि ब्रशच्या चर्चेत आपण गुंतून राहावं हेच कुणाला तरी हवं आहे. ‘कार्बन फूटप्रिंट’, म्हणजे आपल्या जगण्यातून हवेत किती कार्बन जातो त्याचा हिशेब, हा शब्द लोकांच्या तोंडी रुळला तो बीपी या तेल कंपनीच्या जाहिरातींमुळे. तेल उपसणाऱ्याने आपला हिशेब मागायचा? २०१७ च्या ‘कार्बन मेजर्स’ अहवालानुसार १९८८ पासूनच्या औद्योगिक हरितगृह वायूंपैकी ७१ टक्के वायूंचा माग १०० इंधन उत्पादकांपर्यंत लागतो. आणि जिथे बसच येत नाही, तिथल्या माणसाला गाडी सोडायला सांगणं हा अन्याय आहे.

उंबर:
बसचं मान्य. पण त्याच अहवालात पुढे असंही आहे, की या कंपन्यांच्या नावावरचे सुमारे ९० टक्के वायू त्यांचं इंधन इतरांनी जाळल्यावर निघालेले आहेत. त्या इतरांत आपणही आलो.

धागाकर्तीलाही एक सांगायचंय. १३१ हा आकडा ऐकून लोक कापडी पिशवीच टाकून देतील. तो हिशेब हवामानापुरता आहे. नदीनाल्यात अडकलेलं प्लास्टिक त्यात धरलेलं नाही.

तिसरा प्रहर:
अन्नाबद्दल कुणीच कसं बोललं नाही? संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, त्यातलं ६० टक्के घराघरांतून. इथे कुठल्या कंपनीला बोल लावणार? कचऱ्याच्या ढिगाखाली हवेविना कुजलेलं अन्न मिथेन सोडतं.

मी फ्रीजचा एक खण ‘आधी हे संपवा’ म्हणून ठेवलाय. खरेदीला निघण्यापूर्वी तो बघायचाच. सुरुवातीला घरचे कुरकुरले, आता स्वतःहून बघतात.

सांजवेळ:
खण आवडला. पण तो लावतं कोण? शिल्लक बघणं, कचरा वेगळा करणं, उसवलेलं शिवणं, हे सगळं बहुतेक घरांत एकाच माणसाच्या अंगावर पडतं आणि ते माणूस बहुधा बाईच असते. ‘सोपी सवय’ म्हणताना तिचा वेळ कुणी मोजत नाही. मला राग येतो तो याचा.

पाऊलवाट:
सांजवेळ, हे वाचून थांबले. आमच्याकडे शिवणं-टिपणं मीच करते आणि त्यावर कधी चर्चाही झालेली नाही. उंबर, पिशवीबद्दल तुमचं बरोबर आहे. आहेत त्या चौदाच वापरत राहीन.

तरी सवयी सोडायला मी तयार नाही. मागच्या महिन्यात फोनची बॅटरी बदलायला गेले, तर ती आत गोंदाने चिकटवलेली. दुरुस्त करणारा म्हणाला, उघडताना स्क्रीन फुटली तर जबाबदारी तुमची. झिजेपर्यंत वापरायचं ठरवलं नसतं, तर ही अडवणूक मला कळलीच नसती. युरोपीय संघाने २०२४ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला. तसा कायदा सगळीकडे हवा, ही मागणी मी आता जोर लावून करणार आहे.

ज्यांच्या घरी ही कामं खरोखर वाटून घेतली जातात, त्यांनी ते कसं जमवलं ते सविस्तर लिहा. मला हवंय.