अनुभव धागा : लहानग्यांसोबतचा इंदुरी उन्हाळा

घरात दीड-दोन वर्षांचं मूल असलं की उन्हाळ्याचं वेळापत्रक तेच ठरवतं, बाकीच्यांनी फक्त त्याच्यामागे धावायचं. इंदूरच्या आपल्या मराठी घरांमध्ये हे कसं निभावतात ते एका जागी यावं, म्हणून हा धागा. आई-बाबा, आजी-आजोबा, मुलं सांभाळणाऱ्या मावश्या, सगळ्यांनी लिहा. दुपार कशी जाते, मूल काय खातं-पितं, कुठे नेता, कशाची धास्ती वाटते, जे आठवेल ते.

सुरुवात माझ्यापासून करते. आम्ही सुदामा नगरात राहतो, लेक पावणेदोन वर्षांची. चैत्रगौरीचं हळदीकुंकू झालं, आंब्याची डाळ आणि पन्हं झालं, की आमचा दिवस उलटापालटा होतो. ती साडेपाचला उठते आणि आम्ही तिला उठू देतो, कारण सहा ते साडेआठ हेच तिचे बाहेरचे तास. अंगणातली माती, कुंडीला पाणी, कोपऱ्यावरच्या गायीला पोळी. त्यातच कचरागाडी येते. गाडीवरचं गाणं दोन गल्ल्या पलीकडून ऐकू आलं की हातातलं सगळं टाकून ती फाटकाशी जाते. ओल्या कचऱ्याचा डबा माझा, सुक्याचा तिचा. तिच्या डब्यात कधीकधी एखादाच कागद असतो, पण तो तिच्याच हातून पडला पाहिजे. गाडीवरचे भैया तेवढा वेळ थांबतात, टाटा करतात, मगच गाडी पुढे जाते. २०१७ मध्ये आपलं शहर स्वच्छतेत पहिलं आलं. त्यानंतर जन्मलेल्या इथल्या मुलांना अंगाईइतकंच हे गाणं ओळखीचं आहे.

नऊनंतर दारं-खिडक्या बंद. पश्चिमेच्या खिडकीला वाळ्याचा पडदा, त्यावर मधूनमधून पाणी मारायचं. जेवण साडेअकरालाच, कारण ऊन चढलं की ती घास तोंडातच घेत नाही. दहीभात, मऊ खिचडी, किसलेली काकडी, असंच काहीतरी. मग ओल्या पंचाने अंग पुसून झोप. खरी अडचण तीन-साडेतीनला उठल्यावर सुरू होते. बाहेर ऊन रणरणतंय आणि तिला घर नकोय. दुपारी उठल्यापासून दिवेलागणीपर्यंत तुम्ही काय करता, हे मला मनापासून जाणून घ्यायचंय.

लोकमान्य नगर, एक आजी

अगं, त्या वेळाला पाणी द्यावं. माझा नातू दीड वर्षाचा. मोरीत पितळी परात ठेवते, त्यात दोन बोटं पाणी घालते. एक वाटी, एक पळी, चहाची जुनी गाळणी आणि एक फुलपात्र. बस. गाळणीत पाणी का राहत नाही, याचा त्याला रोज नव्याने अचंबा. भरतो, उचलतो, खालून बघतो, पुन्हा भरतो. घटका-दीड घटका मजेत जाते आणि अंगही निवतं. मी पाटावर त्याच्या पुढ्यात बसलेली असते. फोन वाजला तर वाजू देते. दारावर कुणी आलं तर त्याला कडेवर घेऊनच उठते.

हे मुद्दाम सांगते, कारण आपल्याकडे बऱ्याच भागांत नळ एक दिवसाआड येतात. उन्हाळ्यात तर घरभर पाणी साठवलेलं असतं: ड्रम, बादल्या, जमिनीतली टाकी. नुकतं उभं राहायला लागलेलं मूल बादलीच्या काठाला धरून आत डोकावतं. त्याचं डोकं अंगाच्या मानाने जड. एकदा तोल गेला की त्याला स्वतःला वर काढता येत नाही, आणि नाकातोंडात जायला चार बोटं पाणीही पुरतं. आवाजसुद्धा होत नाही. म्हणून आमच्या घरात खेळ संपला की परात उपडी, भरलेल्या बादल्या न्हाणीत आणि न्हाणीला बाहेरून कडी, ड्रमला घट्ट झाकण. जमिनीतल्या टाकीच्या झाकणावर तर आमच्या सासूबाईंच्या वेळचा पाटा ठेवलाय.

परातीतलं पाणी मी फेकत नाही, मोगऱ्याला घालते. १९७८ मध्ये नर्मदा इंदुरात आली, त्याआधीचे उन्हाळे मी पाहिलेत. नर्मदाकाठच्या जलूदहून सत्तरेक किलोमीटर, घाट चढवून आणलेलं पाणी आहे हे. नातवाला त्यात खेळू देताना मला फार बरं वाटतं, आणि ते वायाही जाऊ देववत नाही.

महालक्ष्मी नगर, दोन वर्षांच्या मुलाचा बाबा

कूलरबद्दल लिहितो, कारण घरोघरी तोच आहे आणि त्याच्याशी मुलाचं नातं फार जवळचं असतं. आमचा चिरंजीव कूलरच्या जाळीला तोंड लावून 'आऽऽ' करतो, आवाज थरथरत परत येतो म्हणून. रोजचा कार्यक्रम आहे.

यात सगळ्यात मोठी काळजी करंटची. लोखंडी बॉडी, खाली पाणी, ओली फरशी आणि ओल्या हातापायांचं मूल. पंपाची वायर आत कुठे सोलली गेली असेल तर अख्खी बॉडी धक्का देते. मी हंगामाच्या सुरुवातीला तीन गोष्टी करून घेतो. पंपाची वायर बदलतो. तिसऱ्या पिनेला खरंच अर्थिंग आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून टेस्टरने बघून घेतो, कारण जुन्या घरांत पिन तीन असतात आणि तार दोनच. आणि मेन बोर्डात तीस मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवून घेतली आहे. गळती झाली की ती क्षणात वीज तोडते. साधी एमसीबी हे काम करत नाही, ती जास्त लोड आणि शॉर्ट सर्किटसाठी असते. टाकीत पाणी भरताना प्लग काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

दुसरं डासांचं. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. म्हणून रविवारी सकाळी टाकी पूर्ण रिकामी करून घासतो. अंडी भिंतीला चिकटलेली असतात, नुसतं पाणी बदलून ती जात नाहीत.

आणि खिडकी. कूलर लावून खोली बंद केली की दमट होते आणि मूल रात्रभर कुरकुरतं. समोरची खिडकी चार बोटं उघडी हवी, म्हणजे ओली हवा बाहेर निघते. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत कूलर अंगाला झोंबेल इतका गार वाटतो. जूनमध्ये ढग आले की त्याच कूलरने घामोळी येतात. तेव्हा पाणी बंद करून नुसता पंखा चालवायचा.

राजेंद्र नगर, सून (माहेर ग्वाल्हेर)

मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात वाढले. तिकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि रात्रीही भिंती तापलेल्याच असतात. लग्नानंतर इथे पहिल्या उन्हाळ्यात सासरे म्हणाले, संध्याकाळी गच्चीवर पाणी मार आणि दहानंतर वर चल. 'शब-ए-मालवा', म्हणजे माळव्याची गार रात्र, ऐकून माहीत होतं, पण त्या रात्री कळलं. इंदूर साडेपाचशे मीटरवर आहे, हवा कोरडी, सूर्य मावळला की पठारावरून वारा सुटतो.

आता मुलगी सव्वा वर्षाची आहे. दिवसभर चिडचिड करणारी ही पोर रात्री गच्चीवर वेगळीच होते. गादीवर आडवी पडून हात वर करते, विमान दिसलं की 'नान नान' म्हणते, आजोबा तिला सगळे तारे एकाच नावाने दाखवतात. कठड्याला आम्ही जाळी मारून घेतली आहे आणि जिन्याच्या दाराला आतून कडी. झोप लागली की पहाटेच्या आत खाली आणतो, कारण तीन-चारला गार होतं आणि ती पांघरूण लाथाडते.

नौतपाचे नऊ दिवस मात्र इथेही परीक्षा बघतात. २५ मेच्या आसपास सूर्य रोहिणीत शिरला की सासूबाई तिला दुपारी उंबरठाही ओलांडू देत नाहीत. मला ते पूर्ण पटतं.

स्नेहलता गंज, मुलांच्या दवाखान्यात काम करणारी एक आई

दोन गोष्टी पोटतिडकीने सांगायच्यात. उन्हाळ्यात जुलाब-उलट्यांची मुलं रांगेने येतात, आणि पालक पाजत असतात ते बरेचदा खरं ओआरएस नसतंच, फळांच्या चवीचं गोड पेय असतं. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये एफएसएसएआयने (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) अशा पेयांच्या नावात 'ओआरएस' शब्द वापरायला मनाई केली, तरी घेताना पाकिटावर डब्ल्यूएचओचा फॉर्म्युला लिहिलाय ना, ते वाचा. एक लिटरचं पाकीट एक लिटर पाण्यातच, सगळं एकदम. अर्धं पाकीट पेलाभर पाण्यात अंदाजाने टाकलं तर मीठ जास्त होतं आणि मुलाला अपाय होतो. केलेलं पाणी चोवीस तासांनंतर टाकून द्यायचं. उलटी होत असेल तर चमच्या-चमच्याने, दोन मिनिटं थांबून पुन्हा.

दुसरी गोष्ट, लंगोटाकडे लक्ष ठेवा. सहा-आठ तास शू नाही, रडताना डोळ्यांत पाणी नाही, डोळे खोल गेलेत, मूल मलूल पडलंय, असं असेल तर घरचे उपाय बाजूला ठेवून लगेच दवाखाना गाठा. अंग भाजतंय आणि मूल नीट जागं होत नाही, तर वाटेतच ओल्या कपड्याने अंग पुसत, वारा घालत न्या. लहान मुलं मोठ्यांपेक्षा लवकर तापतात. बंद कारमध्ये तर 'दोन मिनिटं' म्हणूनही ठेवू नका. मागे सराफ्याच्या गर्दीत गाडी लावून कुणी तरी बाळाला आत झोपवून गेलं होतं. लोकांनी बघितलं म्हणून निभावलं.

घामोळ्यांवर पावडरीचे थर नकोत. ती घामात भिजून बसते आणि उडालेली मुलाच्या छातीत जाते. गार पाण्याची आंघोळ, मऊ सुती झबलं, आणि घरात असेल तेव्हा उघडं अंग. एवढ्यानेच बहुतेक घामोळी बसतात.

रामबाग, मावशी

फळांचं मी बघते. टरबूज बिया काढून, खरबूज बोटाएवढ्या लांब फोडी करून. द्राक्ष उभं चिरून चार भाग. फालसे मुलाच्या हातात कधीच नाही, कुस्करून गाळून सरबत. खिरनी आणि जांभळाचीही बी आधी काढायची. बदाम आंबा बाजारात आला की आमच्या पोराला दुसरं काही सुचत नाही. तासभर पाण्यात ठेवलेला आंबा, अंगात फक्त लंगोट, खाली जुनी चादर. कोपरापर्यंत रस. नंतर सरळ नळाखाली.

विजय नगर, नोकरी करणारी आई

आमच्या इमारतीत अंगण नाही, गच्चीला कुलूप. म्हणून आम्ही रात्रीचे. साडेआठला जेवण झालं की बाबागाडी काढून खाली. आठवड्यातून एखाद्या रात्री छप्पन दुकानला, खाऊगल्लीत जातो. शिकंजी आम्ही दोघं घेतो, लेकाला नाही, कारण इंदुरी शिकंजी म्हणजे आटवलेलं दूध आणि सुका मेवा, ती त्याला रात्री झेपत नाही. तो थर्मासमधलं घरचं पातळ ताक पितो आणि लोकांचे कुत्रे बघतो. गोळा आणि बर्फाचं काहीही नाही, तो बर्फ कुठल्या पाण्याचा हे माहीत नसतं.

पाळणाघर निवडताना उन्हाळा डोक्यात ठेवा. आम्ही पहिलं बघितलं तिथे मुलांची झोपायची खोली वरच्या मजल्यावर पत्र्याखाली होती. मी दुपारी दोन वाजता, न सांगता गेले, म्हणून ते दिसलं. सकाळी दहाला सगळीच ठिकाणं गार वाटतात. आता जिथे ठेवतो तिथल्या ताई प्रत्येक मुलाची बाटली किती वेळा भरली ते फळ्यावर लिहितात. संध्याकाळी मी आधी तो फळा वाचते, मग लेकाला घेते.

नारायण बाग, आजोबा

आमची नात पुण्याला असते. मे महिन्यात लेक तिला घेऊन इथे येते, जून लागला की मी सोडायला जातो. दुपारच्या प्रवासाचं नावच नको, आम्ही रात्रीची गाडी धरतो. खालचा बर्थ, खिडकीला ओढणी, आणि घरचं उकळून गार केलेलं पाणी वेगळ्या बाटलीत. दशम्या आणि गुळांबा बरोबर. दशम्या दुधात भिजवलेल्या, दुसऱ्या दिवशीही मऊ असतात, पोरीला दात कमी असले तरी चालतं. दहीभात गाडीत नेत नाही, गरमीत तो आंबतो.

एक विचारायचं होतं. नात गाडीत रात्री घामाने भिजते आणि एसीच्या डब्यात गारठते. एसीत काय घालता तुम्ही मुलांना?

सुदामा नगर, पुन्हा मी

काका, आम्ही एसीत पूर्ण बाह्यांचं पातळ मलमलचं झबलं आणि पायमोजे घालतो, पांघरूण नाही. ते तोंडावर ओढलं जातं. मानेमागे हात लावून बघायचं, तिथे घाम असेल तर मोजे काढायचे.

आजी, काल परात ठेवली. गाळणी आमच्याकडेही चालली! पोर्चमध्ये दुपारी चारला सावली येते, तिथे ठेवली होती. पाणी आता लिंबाच्या झाडाला जातं. महालक्ष्मी नगरच्या बाबांनी कूलरबद्दल लिहिलेलं वाचून आज इलेक्ट्रिशियनला बोलावलंय, आमचं घर १९८४ चं आहे.

गाडी, पाळणाघर, गच्ची याबद्दल अजून कुणाला लिहायचं असेल तर जरूर लिहा. जुळ्या मुलांचे आई-बाबा कुणी असतील तर त्यांचं फार वाचायचंय.