पाच वर्षांचा करार असताना खेळाडूला मधेच कसं सोडतात?

रात्रपाळी_उदगीर
नमस्कार मंडळी. मी उदगीरला घरूनच रात्रपाळीत अमेरिकेतल्या दवाखान्यांच्या बिलांचं काम करतो. टीममधले तिकडचे लोक डेन्व्हरचे. कामाच्या आधी त्यांचा विषय एकच, फुटबॉल. हातात चेंडू धरून पळतात तो. तिथल्या ब्रॉन्कोज संघानं २०२२ मध्ये रसेल विल्सन या क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकून डाव चालवणाऱ्या मुख्य खेळाडूला, पाच वर्षांचा, २४.५ कोटी डॉलरचा वाढीव करार दिला. जुन्या कराराची दोन वर्षं बाकी होती, म्हणजे नवा लागणार २०२४ पासून. आणि मार्च २०२४ मध्येच त्याला सोडून दिलं! मग पिट्सबर्गच्या स्टीलर्सनी त्याला घेतलं, तेही फक्त १२.१ लाख डॉलरवर. सही झालेला करार असा मोडता येतो का? आणि एवढा मोठा खेळाडू इतक्या कमी पैशावर का गेला? कामावर विचारायला संकोच वाटतो.

बालाघाटचा
दादा, करार मोडलेला नाही. तिकडं करारावर वर्षं पाच लिहिली तरी कोणत्या वर्षाचा पगार हमीचा, ते वेगळं लिहिलेलं असतं. बाकीच्या वर्षांचा पगार संघानं ठेवून घेतलं तरच. बातमीत येतो तो सगळा आकडा. खेळाडूनं बघायची असते ती हमी.

मार्चमध्येच का सोडलं, त्याचं उत्तरही यातच आहे. २०२४ चे ३.९ कोटी डॉलर आधीच हमीचे झाले होते. मार्चच्या मध्यात त्यांचं नवं साल लागतं, आपल्याकडं पाडव्याला सालगड्याचं लागतं तसं. त्या सालाच्या पाचव्या दिवशी विल्सन संघात असता तर २०२५ चे ३.७ कोटीही हमीत गेले असते. ब्रॉन्कोजनी तो दिवस येऊच दिला नाही.

१२.१ लाखांचं कारण म्हणजे वजावट. दुसरा संघ जे देईल ते ब्रॉन्कोजच्या देण्यातून वजा होणार होतं. स्टीलर्सनी १२ लाख दिले काय नि एक कोटी दिले काय, विल्सनच्या पदरात ३.९ कोटीच. मग नियमानं कमीत कमी जेवढे द्यावे लागतात तेवढेच त्यांनी दिले.

सहीच्या वेळी हातात पडणारा साइनिंग बोनस मला कळला तो उचलीवरून. माझे आईवडील धारूर तालुक्यातून कोयत्यावर जायचे. दसऱ्याआधी मुकादम उचल द्यायचा. त्यातून किराणा, माझी फी, आजीचं औषध. एका वर्षी फडातच वडिलांची पाठ धरली, महिनाभर मोळी उचलता आली नाही. उचल फिटली नाही. मुकादमाच्या वहीत आमच्या नावापुढं बाकी लिहिली आणि खाली आईचा अंगठा घेतला. शाई जास्त झाली होती, ठसा पसरला होता. मी शेजारीच उभा होतो, सातवीत. पुढच्या वर्षी दुसऱ्या टोळीत जायचं ठरलं होतं, त्या बाकीपायी त्याच मुकादमाकडं जावं लागलं.

साइनिंग बोनस मात्र पगारातून फेडायचा नसतो. संघानंच काढलं तर तो खेळाडूचाच राहतो. करार चालू असताना खेळाडू स्वतः निवृत्त झाला, तर उरलेल्या वर्षांचा हिस्सा संघ परत मागू शकतो. विल्सनला सहीचे ५ कोटी मिळाले होते. पैसे एकदम दिले तरी पगारमर्यादेच्या, म्हणजे एका संघानं सालभरात सगळ्या खेळाडूंवर जास्तीत जास्त किती खर्च करायचा त्या आकड्याच्या, हिशोबात बोनस जास्तीत जास्त पाच वर्षांवर वाटता येतो. खेळाडू सोडला की उरलेले हप्ते संघाच्या बोकांडी. पगार, बोनस धरून ब्रॉन्कोजवर ८.५ कोटींचा बोजा पडला, तो दोन वर्षांवर वाटला. २०२४ ला एका संघाची सगळी मर्यादाच २५.५४ कोटी होती, यावरून अंदाज घ्या.

गोदाकाठ_नांदेड
उचलीचं पटलं. पण एक भर घालतो. करार संपला म्हणून खेळाडू मोकळा, असंही नाही. चार हंगाम भरल्यावर करार संपला तरच तो पूर्ण मोकळा. त्यातही संघ दर साल एका खेळाडूवर फ्रँचाइज टॅग लावून त्याला वर्षभर अडवू शकतो. स्टीलर्सनी लेव्हिऑन बेलला २०१७ ला असं अडवलं, २०१८ ला पुन्हा. दुसऱ्या खेपेला साधारण १.४५ कोटी डॉलर मिळणार होते. त्यानं सहीच केली नाही, अख्खा हंगाम घरी बसला. पुढच्या साली न्यूयॉर्क जेट्सकडं गेला. चेंडू घेऊन पळणाऱ्या रनिंग बॅकची उमेदीची वर्षं मोजकी असतात, त्यातलं एक गेलं. पैसे चांगले होते हे मान्य, तरी अडवणूक ती अडवणूकच.

बालाघाटचा
बरोबर बोललात. आणि आहे तेवढं मोकळेपणही मागून मिळालेलं नाही. फ्रीमन मॅकनील आणि आणखी सात खेळाडू लीगविरुद्ध, म्हणजे या सगळ्या संघांच्या संघटनेविरुद्ध, कोर्टात गेले, १९९२ मध्ये ज्यूरीनं त्यांच्या बाजूनं कौल दिला. रेगी व्हाइटच्या नावानंही खटला होता. मग तडजोड झाली आणि १९९३ पासून दार उघडलं. त्याच साली व्हाइट फिलाडेल्फिया सोडून ग्रीन बेला गेला, चार वर्षांना १.७ कोटी डॉलर. पण त्याच तडजोडीत मालकांनी पगारमर्यादा आणि टॅग पदरात पाडून घेतले.

रात्रपाळी_उदगीर
आता नीट कळलं. दुखापत झाली तर? तुमच्या वडिलांचं वाचून विचारतो.

बालाघाटचा
खेळताना जखमी झाला तर बरा होईपर्यंत त्या हंगामाचा पगार सहसा बुडत नाही. पुढच्या सालचा पूर्ण पगार हवा असेल तर दुखापतीची हमी करारात लिहून घ्यावी लागते. मोठे खेळाडू घेतात. संघ नवी पोरं फेऱ्याफेऱ्यांनी निवडतात, त्यात शेवटच्या फेरीत निवडलेल्या पोराला ती कोण देणार? वडिलांची पाठ अजून दुखते, थंडीत जास्त.