डोळ्यांनी कॉम्प्युटर चालवायचा प्रयत्न चालू आहे, पण बघेल तिथे क्लिक होतंय! मदत हवी

मधला_भाऊ:

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या. माझ्या दादाला एएलएस (हळूहळू स्नायू निकामी करत नेणारा मज्जासंस्थेचा आजार) आहे, निदान होऊन दोन वर्षं झाली. हात जवळजवळ गेलेत, उजव्या हाताची तर्जनी तेवढी थोडी हलते, बोलणं जड झालंय पण घरच्यांना अजून कळतं. डोकं मात्र होतं तसंच तल्लख, अजूनही माझ्या शुद्धलेखनावरून मला बोलणी बसतात. डॉक्टर म्हणाले की या आजारात डोळ्यांचे स्नायू बहुतेक जणांचे खूप उशिरापर्यंत शाबूत राहतात, तर डोळ्यांनी कॉम्प्युटर वापरायची सवय आत्तापासूनच लावा. म्हणून स्क्रीनच्या खाली लावायची, नजर कुठे आहे ते ओळखणारी ती इन्फ्रारेडवाली पट्टी आणली.

आता गंमत ऐका. परवा दादा मेल वाचत होता, वाचता वाचता नजर वर 'डिलीट'वर जरा रेंगाळली, झालं, मेल गेला. अरेच्चा कुठे गेला म्हणून इकडे तिकडे बघायला लागला तर बघेल ते उघडायला लागलं, सेटिंग्ज उघडल्या, कॅलेंडर उघडलं, कुणाला तरी अर्धवट उत्तर जाता जाता राहिलं. शेवटी त्याने डोळे गच्च मिटून घेतले आणि म्हणाला, बंद कर ते.

दुसरी कटकट म्हणजे कर्सर तो बघतो त्याच्या एक-दीड ओळ वर पडतो. कॅलिब्रेशन (स्क्रीनवरच्या ठिपक्यांकडे बघून यंत्राला आपली नजर ओळखायला शिकवणं) सात-आठ वेळा करून झालं, दर वेळी वेगळाच निकाल. दादाला प्रोग्रेसिव्ह चष्मा (एकाच काचेत वर लांबचा, खाली जवळचा नंबर) आहे, त्याचा काही संबंध? की यंत्रच गंडलंय? आणि साध्या वेबकॅमवर हे होतं म्हणतात ते खरं का?

खटपट्या:

यंत्र गंडलेलं नाही, दादाही चुकत नाहीयेत. या दुखण्याला नावच आहे, मिडास टच. हात लावेल ते सोनं होणारा राजा, शेवटी जेवण पण सोन्याचं झालं, तसं इथे बघेल ते क्लिक होतं. रॉबर्ट जेकब नावाच्या संशोधकाने १९९० च्या सुमारासच हे मांडून ठेवलंय. डोळा हा मुळात माहिती आत घेणारा अवयव, आपण त्याच्याकडून हुकूम देणाऱ्याचं काम करून घेतोय. माउसवर हात नुसता ठेवला तर काही होत नाही, पण डोळा नुसता कुठे ठेवणार? उघडा आहे तोवर तो कुठे ना कुठे बघतोच.

त्यात आपण समजतो तशी नजर सरळ घरंगळत जात नाही. ती उड्या मारते. एका जागी साधारण पाव सेकंद थांबते, मग टुणकन पुढे, परत थांबते. वाचताना सुद्धा असंच होतं, आपल्याला ते जाणवत नाही इतकंच. त्यामुळे तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये थांब्याचा वेळ, म्हणजे ड्वेल टाइम, अर्धा सेकंद वगैरे असेल तर नवख्या माणसाचं वाचनच क्लिक समजलं जाणार. आधी तो सरळ एक सेकंद किंवा थोडा जास्तच करा. हात बसला की कमी करत न्या (डोळा बसला म्हणायला पाहिजे). २००९ साली फिनलंडच्या टांपेरे विद्यापीठातल्या मंडळींनी धडधाकट विद्यार्थ्यांवर हेच करून बघितलं होतं, ड्वेल ज्याचा त्याने ठरवायचा. दहा सत्रांत तो सरासरी ८७६ मिलिसेकंदांवरून २८२ वर आला आणि टायपिंग मिनिटाला सातेक शब्दांवरून विसाच्या जवळ गेलं. दादांना तेवढा वेग येईल असं म्हणत नाही, पण पहिल्या आठवड्यावरून निकाल लावू नका.

पण खरं सांगू का, मला तुमच्या पोस्टमधलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य वाटलं ते 'तर्जनी थोडी हलते'. अहो मग ड्वेल हवाच कशाला! बोटाखाली हलका स्विच द्या. कर्सर नजरेने न्यायचा, क्लिक बोटाने. बघणं वेगळं, दाबणं वेगळं, मिडास राजा गेला घरी. ॲपलने व्हिजन प्रो या डोळ्यांवर घालायच्या हेडसेटमध्ये हेच केलंय, डोळ्याने निवडायचं आणि दोन बोटं चिमटीसारखी टेकवायची. लोकांना जादू वाटते ती त्या चिमटीमुळे, नुसत्या नजरेवर ठेवलं असतं तर दहा मिनिटांत हेडसेट काढून ठेवला असता.

रात्रपाळी:

एवढे पैसे पट्टीवर घालायची गरजच काय, वेबकॅमवर होतं की आरामात. ब्राउन विद्यापीठाचं वेबगेझर नावाचं सॉफ्टवेअर आहे, ब्राउझरमध्येच चालतं, तुम्ही क्लिक करत जाता तसतसं ते शिकत जातं. आणि आयओएस १८ पासून आयफोनमध्ये आय ट्रॅकिंग आलंय, नुसता पुढचा कॅमेरा वापरतात, वेगळं काहीच लागत नाही. फोन स्टँडवर ठेवायचा, ठिपक्यांकडे बघायचं, झालं.

खटपट्या:

@रात्रपाळी, होतं, पण 'आरामात' वर आक्षेप. आणि क्लिकमधून शिकतं म्हणताय, दादांनी क्लिक कशाने करायचं?

फरक कुठे पडतो ते सांगतो. पट्टीतले इन्फ्रारेड दिवे बुबुळावर एक बारीक चमकता ठिपका पाडतात. डोळा फिरला की बाहुली सरकते, ठिपका मात्र जवळपास तिथेच राहतो. या दोघांमधल्या अंतरावरून आणि दिशेवरून नजर काढतात. वेबकॅमकडे तो ठिपका नाही, खोलीत असेल तो उजेड आणि डोळ्याचं चित्र यावर अंदाज बांधायचा. चांगली पट्टी नीट जमलेली असताना अर्धा ते एक अंश चुकते, वेबकॅम त्याच्या कितीतरी पट. साठ सेंटीमीटरवरून एक अंश म्हणजे स्क्रीनवर साधारण एक सेंटीमीटर. म्हणजे चांगलं यंत्रसुद्धा बोटाच्या नखाएवढं हुकणार. विंडो बंद करायची ती कोपऱ्यातली फुली केवढी असते बघा आणि सांगा.

ही चूक पुढेमागे कमी होईल पण शून्यावर येणार नाही. हात लांब करून अंगठ्याचं नख बघा, साधारण तेवढाच तुकडा आपल्याला एका वेळी स्वच्छ दिसतो. त्या तुकड्यात काहीही असलं तरी डोळ्याला हलायची फारशी गरज पडत नाही, मग यंत्राला कसं कळणार नखाच्या डाव्या कडेकडे बघताय की उजव्या. म्हणून बटणं मोठी करणं हाच उपाय. स्क्रीनचं स्केलिंग दीडपट-दुप्पट करून टाका, आजच.

सुमनताई:

मी माझ्या वडिलांसाठी साडेतीन वर्षं हे सगळं केलंय, त्यामुळे पुस्तकी नाही, हाताखालचं सांगते.

चष्म्याचा संबंध आहे, शंभर टक्के. प्रोग्रेसिव्हमध्ये जवळचं बघायला माणूस हनुवटी वर करून काचेच्या खालच्या भागातून बघतो, मग वरची पापणी बाहुलीवर उतरते आणि कॅमेऱ्याला बाहुली अर्धीच दिसते. शिवाय काचेच्या प्रत्येक पट्ट्यातून डोळा थोडा वेगळ्या जागी दिसतो. मान इकडची तिकडे झाली की कॅलिब्रेशन बोंबललं. आम्ही फक्त स्क्रीनच्या अंतराचा एका नंबरचा चष्मा करून घेतला, निम्मं भांडण तिथेच मिटलं. काचेवर दिव्याची चमक येत असेल तर पट्टी जरा खाली किंवा तिरकी करून बघा.

खिडकी कुठे आहे? सूर्यप्रकाशात इन्फ्रारेड भरपूर असतं, ते थेट चेहऱ्यावर किंवा पट्टीवर आलं की यंत्र आंधळं होतं. आमच्याकडे रोज दुपारी चारला बिघडायचं आणि संध्याकाळी आपोआप बरं व्हायचं, मला हे कळायला तीन आठवडे लागले, तोवर मी वडिलांनाच म्हणत होते की तुम्ही नीट बघत नाही. अजून लाज वाटते.

स्क्रीन टेबलावर ठेवून माणसाला तिच्यासमोर बसवू नका, स्क्रीन माणसाकडे न्या. ते पलंगावर तिरके पडले असतील तर स्क्रीनही तितकीच तिरकी पाहिजे, त्यासाठी लवचीक हाताचा स्टँड मिळतो. अंतर साठ-पासष्ट सेंटीमीटर. आणि कॅलिब्रेशन उरकून टाकायची गोष्ट नाही. आपली नजरेची रेषा बाहुलीच्या बरोबर मधून जात नाही, पाचेक अंश कलती असते आणि माणसागणिक थोडी वेगळी, ती यंत्राला कॅलिब्रेशनच्या ठिपक्यांवरूनच समजते. नऊ ठिपके झेपत नसतील तर पाच घ्या, पण माणूस ताजातवाना असताना घ्या. त्या वेळी मागून 'बघ बघ, आता तिकडे बघ' करू नका, ते तुमच्याकडे बघतात आणि ठिपका हुकतो. डोळे कोरडे पडतात कारण टक लावून बघताना पापणी कमी मिटते, वीस मिनिटांनी थांबा.

स्क्रीनच्या एका कोपऱ्यात 'विराम'चं मोठं बटण आधी तयार करा, बाकी सगळं नंतर. तिकडे बघितलं की क्लिक बंद, परत बघितलं की चालू. वडील म्हणायचे की मला नुसतं बघत बसायची मुभा पाहिजे. डोळे मिटून घ्यायची वेळ तुमच्या दादांवर आली ती ही मुभा नव्हती म्हणून.

आणि यंत्र बंद पडेल त्या दिवसासाठी पारदर्शक ॲक्रिलिकचा अक्षरफलक ठेवा, तुम्ही पलीकडून बघायचं ते कुठल्या अक्षराकडे बघतायत. वीज लागत नाही, कॅलिब्रेशन लागत नाही.

एक विषयाबाहेरचं, पण राहवत नाही. बोलणं अजून कळतंय म्हणालात ना, मग त्यांचा आवाज आत्ताच रेकॉर्ड करून ठेवा. पुढे डोळ्यांनी टाइप केलेलं त्यांच्याच आवाजासारखं बोलून दाखवता येतं. आम्ही उशीर केला.

शंकासुर:

सगळं ठीक आहे पण ही यंत्रं नुसती कर्सर हलवत नाहीत हे पण लक्षात असू द्या. माणूस कशाकडे किती वेळ बघतो, कशावरून नजर चुकवतो, बाहुली कधी मोठी होते, सगळं नोंदवता येतं. जाहिरातींचा अभ्यास करणारे हेच करत आलेत. गाड्यांमध्ये पण आलंय, युरोपात जुलै २०२४ पासून नव्या मॉडेल्सना चालकाचं लक्ष उडालं की इशारा देणारी यंत्रणा सक्तीची आहे. २०२४ मध्येच संशोधकांनी दाखवलं की व्हिजन प्रोवर व्हिडिओ कॉल करताना समोर दिसणाऱ्या तुमच्या त्या डिजिटल चेहऱ्याच्या डोळ्यांवरून तुम्ही काय टाइप करताय ते बऱ्यापैकी ओळखता येतं, पासवर्ड धरून! ॲपलने मग कीबोर्ड चालू असताना तो चेहराच थांबवायची सोय केली. म्हणून म्हणतो, सॉफ्टवेअर नजरेचा डेटा बाहेर पाठवतं का ते बघूनच घ्या.

मधला_भाऊ:

शंकासुर, मुद्दा बरोबर आहे, सेटिंगमध्ये बघितलं, डेटा पाठवायची खूण आधीपासून लावलेलीच होती, काढली. पण दादाला विचारलं तर म्हणाला, माझी नजर चोरून करणार काय, दिवसभर पंखाच बघतो मी.

आता हालहवाल. खिडकी त्याच्या डाव्या अंगाला होती, पडदा लावला. चष्मा यायचाय, तोवर विनाचष्मा आणि अक्षरं मोठी करून चालवतोय, तरी कर्सर आता जागेवर येतोय, खालचा डावा कोपरा सोडला तर. स्विच बोटाखाली चिकटपट्टीने लावला, पहिल्या दिवशी बोट दमलं, मग लेखनाला ड्वेल आणि बाकी सगळ्याला स्विच अशी वाटणी केली. विरामाचं बटण वर उजवीकडे, चांगलं तळहाताएवढं. रविवारी आवाजाचं पहिलं रेकॉर्डिंग केलं, तो कंटाळला, मी रडलो, जाऊ दे.

काल त्याने एकट्याने पहिलं पूर्ण वाक्य टाइप केलं. साडेचार मिनिटं लागली. 'पडदा उघड, अंधार झालाय आणि माझ्या तोंडाकडे बघत बसू नकोस.'

एक राहिलं. मराठी कीबोर्ड. इंग्रजीला सव्वीस अक्षरांत भागतं, इथे व्यंजनं, स्वर, काना-मात्रा, वर जोडाक्षराला हलन्त, सगळं एका स्क्रीनवर बसवलं की बटणं मुंगीएवढी होतात. 'स्वच्छ' लिहिताना त्याने तीनदा सोडून दिलं. काय करता तुम्ही?

सुमनताई:

वर्ग पाडा. पहिल्या स्क्रीनवर फक्त मोठे चौकोन, क-वर्ग, च-वर्ग, ट-वर्ग, त-वर्ग, प-वर्ग, य ते ज्ञ, स्वर. च-वर्गाकडे बघितलं की तोच चौकोन फुटून च छ ज झ ञ पाच मोठी बटणं समोर. एका अक्षराला दोन थांबे लागतात पण हुकत नाही, आणि हुकलेलं पुसण्यात जो वेळ आणि डोकं जातं ते वाचतं. मुळाक्षरं पाठ असलेल्या माणसाला शोधावं लागत नाही, कुठलं अक्षर कुठल्या वर्गात ते आधीच माहीत असतं. शब्द सुचवणारी पट्टी मात्र अक्षरांच्या अगदी शेजारी ठेवा, लांब ठेवली तर दर अक्षराला नजर तिकडे जाऊन परत येते आणि माणूस दमतो.

नेहमीची वाक्यं वेगळ्या पानावर, एका बघण्यात बोलली जातील अशी. दुखतंय, कूस बदल, पाणी, दिवा. ती तुम्ही ठरवू नका, त्यांना विचारा.

मधला_भाऊ:

विचारलं. पहिलं वाक्य सांगितलं 'शुद्धलेखन तपास', दुसरं 'कूस बदल'. पान बनवायला घेतलंय, खालचा डावा कोपरा रिकामा सोडून.