‘रेस्टिट्यूशन’ला मराठीत काय म्हणाल?

नाझींनी ज्यू कुटुंबांकडून हिसकावलेली चित्रं वारसांनी कोर्टकचेऱ्या करून कशी मिळवली, यावरच्या एका लेखाचा अनुवाद करतोय. दर दुसऱ्या वाक्यात ‘रेस्टिट्यूशन’. ‘परतावा’ लिहिलं की म्युच्युअल फंडाची जाहिरात वाटते, ‘परतफेड’ म्हटलं तर चित्र उसनं नेल्यासारखं. ‘प्रत्यार्पण’ चालेल का?

— नको. पेपरांनी तो शब्द परदेशी पळालेल्या आरोपींना कायमचा देऊन टाकलाय. चित्राला बेड्या घालून आणल्यासारखं वाटेल. शिवाय प्रति + अर्पण = प्रत्यर्पण. ‘प्रत्या’ कुठून आलं देव जाणे.

— वकिलीत हा शब्द आम्हाला रोज भेटतो, पण भलत्याच ठिकाणी : हिंदू विवाह कायदा, कलम 9. पुस्तकात ‘वैवाहिक हक्कांची पुनर्स्थापना’, पक्षकाराच्या तोंडी ‘नांदायला येण्याचा दावा’. चित्र काही नांदायला येत नाही, तेव्हा तोही बाद. :)

— लेखात मारिया आल्टमान यांची केस असणारच. तिथे ‘रेस्टिट्यूशन’पेक्षा दुसराच शब्द जपून वापरा : ‘इच्छापत्र’. चित्रकार क्लिम्टने 1907 साली पूर्ण केलेलं सोनेरी व्यक्तिचित्र ज्यांचं, त्या आडेले ब्लॉख-बाउअर 1925 मध्ये वारल्या. 1923 च्या मृत्युपत्रात त्यांनी लिहिलं होतं की, आपली क्लिम्टची चित्रं नवऱ्याने त्याच्या पश्चात व्हिएन्नाच्या सरकारी गॅलरीला द्यावीत, अशी मी विनंती करते. मूळ जर्मन क्रियापद ‘बिट्टे’. ऑस्ट्रिया म्हणत राहिला, बाईंनीच दिली होती की! वारसांचं म्हणणं : विनंती म्हणजे दान नव्हे, आणि चित्रं मुळात नवऱ्याच्या मालकीची. नवरा फर्डिनांड साखर कारखानदार. 1938 मध्ये नाझी व्हिएन्नात शिरले तेव्हा तो परागंदा झाला. करचुकवेगिरीचा ठपका ठेवून त्याची मालमत्ता जप्त झाली, आणि 1941 मध्ये त्याची मालमत्ता मोडीत काढणाऱ्या वकिलाने हे चित्र गॅलरीकडे पाठवलं. सोबतच्या पत्राखाली ‘हाइल हिटलर’. फर्डिनांड 1945 मध्ये झुरिकला वारला, मागे सगळं पुतण्या-पुतणींना ठेवून.

मारिया त्यांतली एक. ऑस्ट्रियात दावा लावायचा तर कोर्ट फी चित्रांच्या किमतीवर, म्हणजे आवाक्याबाहेर; म्हणून 2000 मध्ये कॅलिफोर्नियात दावा. 2004 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने 6 विरुद्ध 3 असा निकाल दिला. पण जपून लिहा, ‘चित्रं तिची’ असं कोर्ट म्हणालं नाही. परक्या देशावर हा दावा चालू शकतो, एवढंच म्हणालं. मालकी ठरली जानेवारी 2006 मध्ये, व्हिएन्नात, तीन ऑस्ट्रियन पंचांच्या लवादापुढे : विनंती बंधनकारक नव्हती, पाच चित्रं परत करा. मारिया तेव्हा 89 वर्षांच्या.

आता मराठीत ‘त्यांच्या इच्छापत्रानुसार’ लिहिलंत की वाचक तिथेच ऑस्ट्रियाच्या बाजूने झुकला. आपल्या शब्दात इच्छा आणि हुकूम एकच होऊन बसलेत. ‘मृत्युपत्रात केलेली विनंती’ असंच लिहा.

— आणखी एक खड्डा : ‘आर्यीकरण’. ज्यूंचे धंदे, घरं, चित्रं कवडीमोलाने ‘आर्यां’च्या नावे करण्याला नाझींनी दिलेलं हे गोंडस नाव. आपल्याकडे तो शब्द वाचून लोकांना वैदिक संस्कृती आठवते! अवतरणात टाका आणि पहिल्यांदा येईल तिथे फोड करून सांगा.

— नामाचा हट्ट सोडा. ऑस्ट्रियाच्या 1998 च्या कायद्याच्या जर्मन नावातही साधं ‘परत देणं’च आहे. सरकार करतं ते ‘परत करणं’, वारस करतात ते ‘परत मिळवणं’. दोन क्रियापदांत तुमचा लेख बसेल.

— बसतोय, आभार. ‘प्रत्यर्पण’ खोडलं. एकच जागा अडलीय. युद्धानंतर ऑस्ट्रिया वारसांना म्हणायचा, बाकीचा माल देशाबाहेर न्यायचा परवाना हवा तर ही चित्रं गॅलरीला ‘भेट’ द्या. 1948 मध्ये ब्लॉख-बाउअर वारसांच्या वकिलानेही क्लिम्टवर असंच पाणी सोडलं. याला काय म्हणू?

— ‘बक्षीसपत्र’ म्हणा. त्यात छापील ओळ असतेच : राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता.